दुपारचे ठोके

५ मार्च, मंगळवार

डॉक्टरने सांगितलं म्हणून लिहितोय. नाहीतर रोज आपलं आपल्यालाच पत्र लिहिण्याचा हा उद्योग मला पहिल्यापासून बुळबुळीत वाटतो. तो म्हणाला, छातीत काही जाणवलं की तेव्हा काय करत होतात, काय खाल्लं होतं, कोणावर चिडला होतात, ते टिपून ठेवा. मी म्हटलं, चिडण्याचं टिपायला बसलो तर वही पुरायची नाही. तो हसला. फार पांढरे दात आहेत त्याचे. माझ्या लेकीपेक्षा लहान दिसतो आणि माझ्या छातीतलं ऐकून मला शहाणपण शिकवतो.

तर नोंद अशी. गेले काही आठवडे मधूनच ठोका चुकतो. म्हणजे एक ठोका घाईने आधीच पडतो, मग क्षणभर शुकशुकाट, आणि मग एक असा दणदणीत येतो की थेट घशाशी. पिशवीतला जिवंत मासा उलटावा तसं वाटतं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी एका इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा होतो. लिफ्टची तपासणी करून ती चालवावी की बंद करावी ते सांगणं, हे माझं काम. वर दोर, खाली अंधार आणि छातीत तो मासा. भीती वाटली नाही. किळस आली. आपल्या आत काहीतरी ओलं, मऊ, आपल्याला न विचारता धडधडत बसलंय, हेच मुळात मला पटत नाही.

डॉक्टर म्हणाला, असे चुकार ठोके पुष्कळांना पडतात, बहुतेक काळजीचं काही नसावं. हे 'बहुतेक' माझ्या डोक्यात गेलं. उद्या मी एखाद्या लिफ्टवर 'बहुतेक पडणार नाही' असा शेरा मारला तर लोक मला जोड्याने मारतील. डॉक्टरांना मात्र 'बहुतेक'चे पैसे मिळतात.

पुढच्या पंधरवड्यात छातीला चोवीस तास यंत्र लावायचं ठरलंय. सगळे ठोके त्यात नोंदले जातील. तोवर काळजी करायची की नाही, ते आपलं आपण ठरवायचं म्हणे.

८ मार्च, शुक्रवार

मेव्हणा येऊन गेला. घाम पुसत आत आला, कारण चार मजले चढायला लागले. मग माझी नाडी पकडून बसला. त्याचा हात ओला होता. नाडी बघता येते का त्याला? कुठलं काय. डोळे मिटून मान हलवत राहिला, आणि मग म्हणाला, रोज सकाळी कच्चा लसूण गिळा. त्याच्या तोंडाला येणारा वास तेव्हा कळला. सगळ्या जगाला माझ्या हृदयाबद्दल मत आहे. मत आणि तोंडाचा वास, दोन्ही मागितल्याशिवाय मिळतात.

जाताना त्याने लिफ्टचा विषय काढलाच. आमच्या इमारतीची लिफ्ट मीच बंद करायला लावली, हे सर्वांना ठाऊक आहे. डबा मजल्याच्या दोन बोटं खाली थांबायला लागला होता. म्हणजे ब्रेक झिजलाय. आज दोन बोटं, उद्या चार, परवा कोणाचा तरी पाय. मी कचेरीतल्या सहकाऱ्याकडून रीतसर सील लावून घेतलं. नवा ब्रेक कंपनीकडून यायचाय. तोवर इमारतीत सगळे मला वाळीत टाकल्यासारखे बघतात. बघोत.

हीसुद्धा मध्ये एकदा म्हणाली, "दोनच बोटं ना हो? तेवढं चालवून घ्या की." मी तिला नीट समजावलं की चालवून घेण्याच्या या खोडीनेच माणसं मरतात. ती गप्प बसली. पटलं असावं.

आज जेवणानंतर दोन ठोके चुकले. मेव्हणा समोर होता. कारण उघड आहे.

११ मार्च, सोमवार

तिसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणारी बाई राहते. तिने दाराबाहेर, जिन्याच्या वळणावर, एक खुर्ची आणून ठेवलीय. लिफ्ट बंद झाल्यापासून आमची ही बाजारातून आली की पिशव्या घेऊन तिथे बैठक मारते. मी वरून हाक मारतो तर म्हणते, आलेच, जरा बोलतेय. काय बोलतात कोण जाणे. माझ्या छातीचाच विषय असणार. दोन बायका माझं हृदय शेंगा सोलल्यासारखं सोलत बसल्यात, या कल्पनेनेच शिसारी येते.

आज मात्र वर येत होतो तेव्हा ही त्या खुर्चीत डोळे मिटून बसली होती आणि शिवणवाली नुसती शेजारी उभी. दोघी अगदी मुक्या. मला बघितल्यावर दोघींनी बोलायला सुरुवात केली. म्हणजे विषय मीच होतो, यात शंका नको.

जिन्यात अडगळ ठेवायची नाही हा नियम आहे. आग लागली तर लोक अडखळतील. संध्याकाळी मी शिवणवालीला तसं सांगितलं. तिने एकदा वर आमच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाली, ठीक आहे भाऊजी, आणि खुर्ची आत ओढून घेतली. कामं अशी झाली पाहिजेत, एका शब्दात.

१४ मार्च, गुरुवार

लेकीचा फोन. ती परमुलखात असते, म्हणून काळजी फोनवरच करते. मला म्हणाली, बाबा, मनावर घेऊ नका, टेन्शन घेऊ नका, मीठ घेऊ नका. मी म्हटलं, मग घेऊ तरी काय? मग ती आईशी बोलली. नंतर परत मला फोन द्यायला लावला आणि विचारलं, आईचा आवाज असा का येतोय? मी म्हटलं, आत्ताच जिना चढून आलीय आणि गप्पांतून तिला श्वास घ्यायला फुरसत नाही. लेक म्हणाली, ती घरी येऊन किती वेळ झाला? मी म्हटलं, मी काय घड्याळ लावून बसलोय का?

हिचं हल्ली एक नवीनच निघालंय. रात्री दोन उशा घेऊन अर्धवट बसल्यासारखी झोपते. आणि उसासे. भांडी घासताना उसासा, अंथरूण घालताना उसासा. आजारी मी आणि कण्हायचं काम हिच्याकडे. नवऱ्याच्या दुखण्याने बायको खचते म्हणतात, तसलं काहीतरी असणार. मी तिला बजावलं की माझी काळजी करू नकोस, 'बहुतेक' काही नाही. तर हसली आणि म्हणाली, "तुमची नाही हो करत." धीर देण्याची ही तिची पद्धत.

पायांवर तिच्या मोज्यांच्या रबराचे खोल वळ उठलेत. मोजे बदल म्हणालो. स्वस्तातले आणते.

१८ मार्च, सोमवार

उद्या यंत्र.

आज कामावर सारखे चुकत होते. एक, मग थोड्या वेळाने दुसरा. कागदावर सही करताना चुकला तर सहीचं शेपूटच वाकडं आलं. तासन्‌तास माणूस आतल्या आवाजाकडे कान लावून बसतो, शेजारच्या खोलीतलं भांडण ऐकावं तसा. लाज वाटते. उभी हयात यंत्रांकडे बघून मी ठरवत आलो की हे चालेल, हे चालणार नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र ठरवता येत नाही. भीती वाटते, हे लिहून टाकतो. इथे कोण बघतंय? मी गेलो तर हिचं काय, हे मनात येतं. तिला साधा दिवा बदलता येत नाही.

१९ मार्च, मंगळवार

आजच्या दिवसाला काय म्हणावं?

सकाळी दवाखान्यात गेलो. दवाखान्याची लिफ्ट बघितली. दार दोनदा अडखळत मिटतं. मी जिन्याने गेलो. बाकावर माझ्याशेजारी एक जण नखं कुरतडून जमिनीवर टाकत होता आणि समोरची बाई फोनवर स्वतःच्या पोटाची हकीकत सगळ्यांना ऐकवत होती. आत वायरवाली, म्हणजे यंत्र लावणारी मुलगी. तिने माझ्या छातीवरचे केस कोरड्या वस्तऱ्याने खरवडले, बटणांसारख्या चिकट गोळ्या डकवल्या, वायरी अडकवल्या आणि डबी पट्ट्याला लटकवली. उंदीर बांधून फिरल्यासारखं वाटतं. म्हणाली, उद्या सकाळपर्यंत काढायचं नाही. मध्ये नोंद तुटली तर सगळं पुन्हा करावं लागेल. एखादी गोळी निघाली तर लावायला थोड्या जादा दिल्या.

घरी येऊन भाकरतुकडा खातोय तेवढ्यात कचेरीतून फोन. 'गुळगुळीत'च्या दोन लिफ्टची तपासणी आजच दुपारी. गुळगुळीत म्हणजे तो लिफ्ट बसवणारा ठेकेदार, हसून हसून हातावर तुरी देणारा. त्याला मी दुसऱ्या कोणाच्या हाती सोडणार नाही. पण लिफ्टच्या टपावर अंगावर लोंबती वस्तू चालत नाही, हा माझाच नियम. गळ्यात रुमाल होता म्हणून एकाला मी घरी पाठवलेलं आहे. मग आता छातीवरच्या या वायरींचं काय? काढलं तर नोंद तुटणार आणि पुन्हा ती वायरवाली, तो वस्तरा, तो नखं कुरतडणारा. नको रे बाबा.

मार्ग सुचला. यंत्राला ठोके हवेत, ते कोणाचे हे त्याला काय कळतंय? हिला बसवलं आणि जादा गोळ्या लावून, रंग बघून, एकेक वायर जागच्या जागी जोडली. वायरी जोडायला मला कोणी शिकवायला नको. ही म्हणाली, "माझे चालतील का हो?" मी म्हटलं, ठोके ते ठोके. फक्त एकाच जागी बसू नकोस, मी बसणारा माणूस नाही. थोडी चढ-उतर कर, नाहीतर डॉक्टर म्हणेल हा ऐदी आहे. ती म्हणाली, बरं. हिची हीच एक गोष्ट चांगली, फाटे फोडत नाही.

आता गुळगुळीतचं ऐका. दोन लिफ्ट शेजारी शेजारी. एक नवी, एक जुनाट. वजन घालून चाचणी करायची तर या गृहस्थाने सकाळीच चाचणी उरकून कागद तयार ठेवलेला. दोन्हींचे आकडे अगदी सारखे. जुळ्या भावंडांचेही इतके सारखे नसतात. मी वजनाच्या लाद्यांकडे बघितलं. जुन्या लिफ्टच्या जमिनीवरची धूळ जशीच्या तशी. लादी एकसुद्धा आत गेली नव्हती. चांगल्या लिफ्टची चाचणी घेऊन बाईसाहेबांनी, म्हणजे त्याच्या कारकून बाईने, तोच निकाल दुसरीच्या नावावर चढवला होता. मी त्याला सगळ्यांसमोर सोलला. म्हटलं, तुला लाज नाही का? एकीचे आकडे दुसरीच्या नावावर? उद्या हिच्यात माणसं चढतील, तुझ्या कागदावर विश्वास ठेवून. तो म्हणतो, साहेब, एवढं काय, दोन्ही चालतात की. मी म्हटलं, चालतात असं बाहेरून दिसतं. म्हणूनच तपासायचं असतं, गाढवा. जुनी तिथल्या तिथे बंद केली. इतकी किळस मला कोणत्याच माणसाची आली नव्हती.

या सगळ्या वेळात माझा एकच ठोका चुकला असेल.

घरी आलो तर चहा नाही. ही पलंगावर पाय वर करून पडलेली, ओठ पांढुरके. म्हणाली, तुम्ही सांगितलं म्हणून दोनदा खाली जाऊन आले, जरा पडले. मी म्हटलं, अगं चढ-उतर म्हणजे डोंगर नव्हे. यंत्र काढून पुन्हा माझ्या छातीवर घेतलं. तिच्या अंगावर गोळ्यांचे लाल ठसे राहिलेत. माझ्याही. दोघांना एकाच ढेकणाने चावलंय जणू.

२१ मार्च, गुरुवार

दवाखान्यातून फोन आला. उद्या सकाळी या. आजच येता आलं तर आजच या. गाडी स्वतः चालवू नका. राहायच्या तयारीने या.

मी विचारलं, काय निघालं? फोनवरची बाई म्हणाली, डॉक्टर सांगतील.

म्हणजे 'बहुतेक' गेलं उडत. घाबरलो. आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी बरंही वाटलं. मी उगाच कुरकुर करत नव्हतो, मेव्हण्याला कळू दे. हिने पिशवी भरली. माझे कपडे, माझा चष्मा, माझं दाढीचं सामान. भरता भरता दोनदा पलंगाला धरून उभी राहिली. मला भरून आलं. म्हटलं, एवढं घाबरू नकोस गं. मी काही आज मरत नाही.

दुपारच्या अदलाबदलीचं डॉक्टरला सांगणार नाही. चोवीस तासांतले चार-पाच तास तर होते. रोग काय त्या चार तासांवाचून अडून बसलाय?

२३ मार्च, शनिवार

काल लिहिणं शक्य नव्हतं. आज लिहितो, जसं झालं तसं.

दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर लक्षात आलं की जुन्या तपासण्यांची फाइल खाली टॅक्सीवाल्याकडे राहिली. टॅक्सी थांबवून ठेवली होती. हिला म्हटलं, तेवढी घेऊन ये. आणि लिफ्टने येऊ नकोस, त्या दाराचा भरवसा नाही, जिन्याने ये. ती गेली. मला आत बोलावलं.

डॉक्टर आज हसला नाही. त्याने पडद्यावर रेघा दाखवल्या. म्हणाला, हे तुमचे चुकार ठोके, सकाळी आणि रात्री. हे निरुपद्रवी, यांना विसरून जा. पण हे बघा. वरून येणारा इशारा मध्येच अडतो आणि हृदय थांबतं. माणसाला चक्कर येते, दम लागतो, पायांवर सूज चढते, आडवं झोपवत नाही. कधीतरी ते थांबतं आणि परत सुरू होत नाही. छातीत छोटं यंत्र बसवलं की माणूस खडखडीत बरा होतो. पण ते लगेच बसवायला हवं.

मग म्हणाला, एक कळत नाही. हे सगळं फक्त दुपारचं आहे, आणि सर्वांत वाईट बहुधा तुम्ही जिना चढत होतात तेव्हाचं. दुपारी काय करत होतात?

मी रेघांकडे बघत बसलो. दम, चक्कर, सूज. मोज्यांचे वळ. दोन उशा. शिवणवालीची खुर्ची. सगळं माझ्या समोर होतं. मी दोन बोटांचा फरक पकडणारा माणूस.

म्हणालो, "डॉक्टर, दुपारचे ठोके माझे नाहीत."

त्याला आधी वाटलं मी भ्रमलोय. मग त्याने विचारलं, मग कोणाचे? बायकोचे, मी म्हटलं. कुठे आहेत त्या?

जिन्यात, असं म्हणालो की नाही ते आठवत नाही. मी धावत सुटलो होतो.

ती पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर पायरीवर बसली होती. फाइल मांडीवर, डोकं भिंतीला. मला बघून उठायला गेली. म्हणाली, "आलेच हो. जरा टेकले."

मी तिच्या मनगटाला हात लावला. एक ठोका, मग एक, मग काहीच नाही. मी वाट बघत राहिलो. आयुष्यात मी कशाची इतकी वाट बघितली नाही. मग आला.

डॉक्टर चाकांची खुर्ची घेऊन मागून आला. तिला खुर्चीसकट उचलून खालच्या मजल्यावर आणलं आणि त्याच लिफ्टने वर नेलं. दार दोनदा अडखळलं आणि मिटलं. मी हात जोडून उभा होतो, एका दाराला.

काल संध्याकाळीच यंत्र बसवलं. सगळं नीट झालं. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं विचारलं, तुमचा काय निघाला रिपोर्ट? मी म्हटलं, माझं काही नाही. ती म्हणाली, "बघा, मी म्हणत नव्हते?"

गुळगुळीतला मी काय काय बोललो ते वर वाचलं. एकेक शब्द बरोबर होता. फक्त माणूस चुकला. त्याच्या कागदावर विसंबून त्या जुनाट लिफ्टमध्ये अजून कोणी चढलं नव्हतं. माझ्या कागदासाठी मात्र मी तिला दोनदा जिना चढायला लावला. स्वतःची इतकी घाण वाटते की आरशात बघून दाढी करवत नाही. आणि गंमत बघा, ती अदलाबदल केली नसती तर हिचं दुखणं कोणाला कळलंच नसतं. पण याचं श्रेय मी घेणार नाही. तेवढा निर्लज्ज नाही झालो.

३ एप्रिल, बुधवार

ही आज घरी आली.

ब्रेक अजून आलेला नाही. सहकारी म्हणाला, वहिनींसाठी आठवडाभर सील काढून देतो, कोण बघतंय? मी नको म्हटलं. झिजलेल्या ब्रेकवर तिला तर मुळीच चढवणार नाही. डॉक्टरने सांगितलंय की सावकाश, थांबत थांबत जिना चालेल.

सकाळी तिला आणायला जाण्याआधी शिवणवालीचं दार वाजवलं. म्हटलं, तुमची ती खुर्ची हवी होती. ती आतून घेऊन आली. पुसूनच ठेवली होती. मी म्हटलं, मागे जरा जास्तच बोललो.

ती म्हणाली, "ती ताईंसाठीच ठेवली होती भाऊजी. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही, म्हणून मला वाटलं, ठाऊक असून उचलायला लावताय."

मी खुर्ची भिंतीला टेकवली आणि जिन्यात अडगळ केली.

दुपारी दोघं चढलो. पिशव्या माझ्याकडे. तिसऱ्या मजल्यावर ती खुर्चीत बसली आणि मी खालच्या पायरीवर. तिला दम लागला नव्हता, पण मीच म्हटलं बस. शिवणवाली पाणी घेऊन आली. मग माझा एक ठोका चुकला, चांगला दणदणीत, घशापर्यंत आला. मी छातीवर हात ठेवला असावा.

"काय हो?" हिने विचारलं.

म्हटलं, काही नाही, तू बस.